वाट कोणाच्या हाती?

आमच्या वस्तीने मेलेली ढोरे ओढायचे सोडले तेव्हा गावाने आम्हांला गिरणी बंद केली, वाण्याने तेल-मीठ बंद केले. बाजाराची जवळची वाट गावच्या रानातून जाई, तीही अडवली. मग बाया डोईवर दाणे घेऊन ओढ्याकाठच्या लांबच्या वाटेने तालुक्याला जात नि दळण आणीत. आजी हे सांगायची. वर्गात परराष्ट्रव्यवहार शिकवताना मला ही वाट आठवते, आणि तिच्याबरोबर आफ्रिकेतला झांबिया.

झांबिया २४ ऑक्टोबर १९६४ रोजी स्वतंत्र झाला. निर्यातीचे ९० टक्क्यांहून अधिक उत्पन्न तांब्याचे. पण देशाला समुद्र नाही. तांबे बंदराला जाई ते मुख्यतः दक्षिणेकडच्या ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून. खाणींचा कोळसा तिथल्याच वांकीचा, आणि करिबा धरणाचे वीजघरही नदीच्या त्याच काठावर. झेंडा आपला, किल्ली शेजाऱ्याच्या कमरेला!

नोव्हेंबर १९६५ मध्ये इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारने, काळ्या बहुसंख्याकांना सत्ता द्यावी लागू नये म्हणून, ब्रिटनला न जुमानता स्वातंत्र्य पुकारले. ब्रिटनने त्याचे तेल रोखले, त्याने झांबियाचे रोखले. विमानांतून पिंपे आली. मग टांझानियाच्या दार-ए-सलाम बंदराकडून कच्च्या रस्त्याने ट्रक धावू लागले. त्या रस्त्याला लोक नरकवाट म्हणत. १९६८ मध्ये तेथून तेलाची नळवाहिनी आली.

रेल्वेचे काय? जागतिक बँकेने नि पाश्चात्त्य देशांनी हा मार्ग परवडणार नाही असा हिशेब दिला. त्या हिशेबात मानाचा रकानाच नव्हता. शेवटी, स्वतः गरीब असलेल्या चीनने बिनव्याजी कर्ज दिले आणि १९७० ते १९७५ या काळात दार-ए-सलाम ते कापिरी म्पोशी हा सुमारे १८६० किलोमीटरचा लोहमार्ग उभा राहिला. चीनचाही यात स्वार्थ होता. आफ्रिकेत त्याला मित्र हवे होते. पण गरजवंताने दात्याचे मन किती तपासावे?

जानेवारी १९७३ मध्ये स्मिथने सरहद्द बंद केली. महिन्याभरात त्याने ती उघडली, पण राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी आपल्या बाजूने बंदच ठेवली. येथे मला आपलीही एक गोष्ट बोलावीशी वाटते. भारताने १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, याचा आपण अभिमान बाळगतो, नि तो रास्त आहे. मात्र आपल्याला समुद्र होता. झांबियाला त्या निर्णयाची किंमत रोजच्या जगण्यात मोजावी लागली. १९७५ मध्ये तांब्याचा भाव कोसळला, त्याच वर्षी अंगोलातल्या यादवीने पश्चिमेचा लोहमार्गही तुटला. नव्या रेल्वेला इंजिने अपुरी, दार-ए-सलामला माल तुंबलेला. ऑक्टोबर १९७८ मध्ये, पेरणीच्या तोंडावर खत हवे म्हणून, काउंडांनी दक्षिणेची वाट पुन्हा धरली.

विद्यार्थी विचारतात, मग ते हरले का? सहज हो म्हणवत नाही. स्मिथविरुद्ध लढणाऱ्यांना झांबियाने दिलेला आसरा त्यानंतरही काढला नाही. ऑक्टोबर १९७९ मध्ये ऱ्होडेशियाच्या सैन्याने त्या चिनी रेल्वेचा चांबेशी नदीवरचा पूल उडवला. निरुपयोगी वाटेवर कोणी सुरुंग लावत नाही. वस्तीतल्या बायांनाही उधारी फेडायला कधीतरी गावातल्या मळ्यावर खुरपायला जावे लागलेच होते. ढोरे मात्र पुन्हा ओढली गेली नाहीत.

एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, नऊ देशांनी दक्षिण आफ्रिकेवरचे अवलंबन कमी करण्यासाठी परिषद स्थापली होती. तिने सर्वांत आधी हात घातला तो रस्ते, रेल्वे आणि बंदरांना. १९९२ मध्ये तिचे रूपांतर विकास संघटनेत झाले. १९९४ मध्ये वर्णभेदी राजवट गेल्यावर दक्षिण आफ्रिका त्याच संघटनेत आली, इतरांसारखीच एक सभासद म्हणून.