लेखांक ५ : तुमचं माळेगाव कुठलं?

गेल्या आठवड्यात गूगलचा बॉट पान कसं वाचतो आणि त्याची नोंद कशी ठेवतो, ते पाहिलं. आजचा विषय त्या नोंदीतल्या शब्दांचा. सिन्नरकरांनी तो आपल्या पत्त्यापासून सुरू करावा.

सिन्नरची एमआयडीसी माळेगावला आहे. मराठीत ‘ळ’ आणि ‘ल’ आपलं काम चोख करतात : यंत्रमागांचं मालेगाव वेगळं, हे माळेगाव वेगळं. रोमन लिपीत मात्र दोन्हींचं स्पेलिंग एक, आणि जिल्हाही एकच, नाशिक. शिवाय बारामतीजवळ साखर कारखान्याचं माळेगाव आहे, नांदेड जिल्ह्यात खंडोबाच्या यात्रेचं आहे. आता पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या खरेदी विभागाला शीट मेटलचं जॉब वर्क करून हवं आहे. तिथला माणूस ‘सिन्नर’ टाकून शोधतो. तुमच्या पानावर सिन्नर हा शब्दच नसेल, तर त्याला तुम्ही सापडणार कसे?

एसईओचं, म्हणजे शोधणाऱ्याला आपलं पान सापडेल असं करण्याचं, निम्मं काम मला इथेच दिसतं. आपण काय करतो आणि कुठे करतो, हे गिऱ्हाइकाच्या शब्दांत सरळ लिहायचं. ‘दर्जेदार सेवा, विश्वासाचं नाव’ असं कोणी शोधत नाही. पानाच्या टायटलमध्येच ‘शीट मेटल जॉब वर्क, माळेगाव एमआयडीसी, सिन्नर’ असं येऊ द्या. मशीन कोणती, किती जाडीचा पत्रा कापता, किती नगांची ऑर्डर घेता, तेही लिहा. मराठी आणि इंग्रजी, दोन्हींत लिहा. छापील ब्रोशरचा फोटो चिकटवून भागत नाही; फोटोतला मजकूर बॉटला पानावरच्या अक्षरांइतका भरवशाने वाचता येत नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तर आतून रोमन अक्षरंच असतो. मराठी युनिकोडमध्येच हवी.

पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत पन्नास वेळा ‘सिन्नर’ लिहिणं, पैसे देऊन लिंक विकत घेणं, हे गूगलच्या नियमांत बसत नाही. पान यादीतून गायबही होऊ शकतं. कीवर्डचा मेटा टॅग भरून देण्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. क्रमवारीसाठी आपण तो वापरत नाही, असं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलं आहे. आणि ‘पहिला नंबर हमखास’ म्हणणाऱ्याला नम्रपणे परत पाठवा. अशी हमी कोणालाच देता येत नाही, हेही गूगलच सांगतं. चांगल्या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं. तोवर गूगलचं सर्च कन्सोल हे फुकटचं साधन आपल्या साइटला जोडून ठेवा; लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत येतात, ते त्यात दिसतं.

या आठवड्यात एवढं करा. कारखान्याचं नाव न टाकता, फक्त आपलं काम आणि ‘सिन्नर’ लिहून फोनवर शोधा. पहिल्या पानावर कोण दिसतं ते वहीत उतरवून ठेवा. पुढचा लेखांक त्या वहीवरूनच सुरू करू.