प्लग किती आवळायचा?

स्पार्क प्लग बदलताना इंजिनाला इजा होते ती बहुधा नवा प्लग बसवताना. प्लगचे धड पोलादाचे आणि ते ज्यात बसते ते हेड ॲल्युमिनियमचे. दोघांची झटापट झाली की आटे जातात ते हेडचे. प्लग काही शे रुपयांत मिळतो, आटे गेलेल्या हेडचे काम मात्र हजारांत जाते. म्हणून जुन्या प्लगच्या रंगाचे कबूल केलेले प्रकरण एक आठवडा मागे ठेवून हा भाग निव्वळ आवळण्याला दिला आहे. निमित्त एका वाचकाच्या प्रश्नाचे : नव्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावावे की नाही? उत्तर एका शब्दात देता येते, पण ते पटायचे तर आवळताना नेमके काय घडते ते आधी पाहावे लागते.

हेडमध्ये बसलेल्या प्लगकडे ठिणगीखेरीज दोन कामे असतात. एक, सिलिंडरमधला दाब बाहेर निसटू न देणे. दुसरे काम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही : स्वतःची उष्णता हेडच्या हवाली करणे. प्लगचे टोक साधारण ४५० ते ८७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले पाहिजे. त्याखाली काजळी जळून जात नाही. त्यावर टोक इतके तापते की ठिणगीची वाट न पाहता तेच पेट्रोल पेटवू लागते. ही उष्णता बाहेर पडण्याची मुख्य वाट म्हणजे आटे आणि वायसर. वायसर हेडवर नीट दाबला गेला नाही की ती वाट अरुंद होते आणि प्लग भाजून निघतो. ‘ढिला राहिला तर निदान तुटणार तरी नाही’ हा हिशेब म्हणूनच चुकीचा ठरतो.

जास्त आवळण्याचे परिणाम निराळे. नव्या प्लगचा वायसर पोकळ, घडीचा असतो आणि दाबला जाण्यासाठीच केलेला असतो. तो चपटा झाल्यावरही पाना फिरवत राहिले की आटे आणि षट्कोन यांच्या मधला धडाचा बारीक भाग ताणला जातो, आतल्या चिनी मातीची पकड सैल होते, आणि तेवढ्यावर भागले नाही तर हेडचे आटे उचकटून येतात. बारा मिलिमीटर आट्यांच्या बारीक प्लगमध्ये ताणून तुटण्याचा धोका अधिक, आणि हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हेच प्लग असतात.

आता प्रश्नाकडे. पान्यावर दिलेल्या जोरातला थोडाच भाग प्लगला हेडशी ओढून धरण्याच्या कामी येतो. ढोबळमानाने निम्मा जोर बैठकीच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेल्या दहाएक टक्क्यांतून पकड तयार होते. कंपनीने दिलेला टॉर्कचा आकडा हे कोरड्या आट्यांचे घर्षण गृहीत धरून काढलेला असतो. आट्यांना ग्रीस लागले की घर्षण घटते आणि वाचलेला जोर पकड वाढवण्यात जातो. टॉर्क रेंच नेहमीच्याच आकड्यावर ‘टक्’ करतो, आत मात्र प्लग हवा त्याहून जास्त ताणला गेलेला असतो. तेव्हा उत्तर : लावू नये. मुलामा नसलेल्या काळ्या धडाच्या जुन्या प्लगना तांब्याचे ग्रीस लावण्याची रीत होती आणि ती तेव्हा योग्यही होती, कारण ते प्लग हेडमध्ये धरून बसत. आजच्या प्लगच्या धडावर निकेलचा किंवा जस्ताचा मुलामा असतो आणि धरून बसणे टाळण्याचे काम तोच करतो. एनजीके ही कंपनी तर आपल्या प्लगना असे काही लावू नका, असे स्पष्टच सांगते. गाडीच्या पुस्तिकेत वेगळी सूचना असेल तर अर्थात पुस्तिकेचे ऐकावे.

ग्रीसचा आणखी एक प्रकार या कामात येतो आणि गोंधळ बहुधा त्यामुळेच होतो. कॉइलच्या किंवा वायरच्या रबरी टोपीत आतून बोटभर सिलिकॉन ग्रीस फिरवतात, म्हणजे रबर प्लगच्या चिनी मातीला चिकटत नाही आणि ओल आत शिरत नाही. ते टोपीत लावायचे असते, आट्यांना नव्हे.

प्रत्यक्ष बसवण्यात निम्म्याहून अधिक काम पाना न वापरता होते. इंजिन पूर्ण थंड हवे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते; गरम हेडमध्ये आवळलेला प्लग हेड निवल्यावर जखडला जातो आणि पुढच्या वेळी निघताना आटे घेऊन येतो. प्लग खोल भोकात वरून सोडून देऊ नये, बाजूचा इलेक्ट्रोड आपटून गॅप बंद होते. वीतभर लांबीची रबरी नळी प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवावी आणि तिने प्लग खाली न्यावा. आधी तो उलटा, म्हणजे काढण्याच्या दिशेने, हलकेच फिरवावा. आट्याची सुरुवात जुळली की बरणीच्या झाकणासारखा तो किंचित खाली बसल्याचे बोटांना कळते. तिथून सुलट फिरवावे. आटा तिरका धरला गेला असेल तर नळीच प्लगवरून घसरते. पान्याला हे कळत नाही, तो मुकाट तिरपे आटे पाडत जातो. एकोणीस मिलिमीटर लांबीच्या धडावर सव्वा मिलिमीटरच्या अंतराने पंधराएक आटे असतात. ते सगळे बोटांच्या जोरावर गेले पाहिजेत. दोन-तीन फेऱ्यांत प्लग अडला तर बाहेर काढून आटे पुसून पाहावेत, जोर करू नये.

वायसर हेडला टेकला की पाना हाती घ्यावा. वायसरच्या नव्या चौदा मिलिमीटर प्लगला, ॲल्युमिनियम हेडमध्ये, २५ ते ३० न्यूटन-मीटर. बारा मिलिमीटरला १५ ते २०. दहा मिलिमीटरला १० ते १२. वीस सेंटिमीटरच्या दांड्यावर २५ न्यूटन-मीटर म्हणजे मुठीजवळ जेमतेम साडेबारा किलोचा जोर. टॉमीवर पाइप चढवून आवळण्याची सवय असलेल्या हाताला हा अगदीच कमी वाटतो. चाकाच्या नटांसाठी घेतलेला मोठा टॉर्क रेंच इथे उपयोगाचा नाही. त्याच्या पट्टीच्या तळाशी त्याचा भरवसा धरता येत नाही.

टॉर्क रेंच नसेल तर कोन मोजावा. चौदा मिलिमीटरच्या नव्या प्लगला टेकल्यानंतर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. नेमका आकडा बहुतेक खोक्यांवर चित्रासह छापलेला असतो. तपासण्यासाठी काढलेला प्लग पुन्हा बसवताना वायसर आधीच चपटा झालेला असतो, त्याला एक दशांश फेऱ्याहूनही कमी पुरतो. इथेच नव्यासारखा अर्धा फेरा मारून अनेकांनी आटे घालवले आहेत. वायसर नसलेल्या, कोनाकृती बैठकीच्या प्लगला तर नवा असतानाही एक सोळांश फेरा पुरे.

आटे किती महत्त्वाचे, याचा दाखला फोर्डच्या ट्रायटन व्ही-८ इंजिनांनी अमेरिकेत दिला. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लगला धरून ठेवायला जेमतेम चार आटे होते. पुढे चालत्या गाडीत प्लग कॉइलसकट उडून बाहेर येऊ लागले. तीन व्हॉल्व्हच्या नव्या हेडमध्ये कंपनीने प्लगची रचनाच बदलली, तर त्या दोन तुकड्यांच्या प्लगचे खालचे टोक काजळीने आत धरून बसे आणि काढताना प्लग मधोमध तुटे. एकाच कुळातल्या इंजिनांना प्लग न टिकण्याची आणि न निघण्याची अशा दोन्ही व्याधी जडल्या.

गेलेल्या आट्यांवर इलाज आहे. भोक मोठे करून नवे आटे पाडतात आणि त्यात पोलादी तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिकॉइल, किंवा अखंड बुश बसवतात. प्लगसाठी बुश सरस, कारण वेटोळे पुढच्या वेळी प्लगबरोबरच बाहेर येऊ शकते. हे काम मात्र घरी करण्याचे नव्हे. कापलेला ॲल्युमिनियमचा कीस सिलिंडरमध्ये पडतो आणि तो बाहेर काढायला सराईत हात लागतो.

प्लग बसले की कॉइल सरळ खाली दाबावी, टोपी प्लगवर बसल्याचे हाताला कळते. कॉइलचा बोल्ट बहुधा दहाच्या पान्याचा; तोही ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकमध्ये जात असल्याने बेताने आवळावा. गाडी सुरू केल्यावर मिसिंग जाणवले तर आधी कॉइलचे कनेक्टर पूर्ण बसलेत का ते पाहावे, दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. ‘फस् फस्’ असा आवाज प्लगच्या भोकातून येत असेल तर प्लग ढिला आहे. इंजिन बंद करून, निवू देऊन मगच पाना लावावा.

काढलेले जुने प्लग पॉलिश पेपरने घासू नयेत, पुसूही नयेत. सिलिंडरच्या क्रमाने खोक्यांवर आकडे टाकून ते जपून ठेवावेत. पुढच्या भागात रंग त्यांच्यावरूनच वाचायचा आहे.