हिमालय ओलांडल्यानंतरचा महिना

उजनीच्या फुगवट्यावर आणि जायकवाडीच्या काठच्या हरभऱ्यात हिवाळाभर चरणारे पट्टकदंब उन्हं तापू लागली की उत्तरेकडे निघतात. करडं अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हे हंस हिमालय ओलांडतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. विरळ हवेतला ऑक्सिजन घट्ट धरणारं त्यांचं हिमोग्लोबिन, अंगावर बसवलेल्या यंत्रांनी नोंदलेली ७,२९० मीटरची उंची, यावर भरपूर लिहून झालंय. मला त्यांच्या उडण्यापेक्षा बसण्याचं नवल जास्त वाटतं.

मंगोलिया आणि तिबेटपासून लडाखपर्यंत त्यांच्या विणीच्या जागा पसरल्या आहेत. लडाखातली त्सो मोरीरी आणि त्सो कर ही तळी साडेचार हजार मीटरवर. घरट्यांसाठी पसंती बेटांना, कारण कोल्हा. पण तळं गोठलेलं असेपर्यंत बेटाला बेटपण नसतं. कोल्हा बर्फावरून चालत येतो. म्हणून बर्फ फुटेपर्यंत थांबायचं. फार थांबलं तर थंडीआधी पिल्लांच्या पंखांत बळ येणार नाही.

घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा. त्यात गवत, आणि मादीने स्वतःच्या छातीची उपटलेली मऊ पिसं. अंडी बहुधा चार ते सहा, पांढुरकी, एकेक करून काही दिवसांत घातलेली. उबवणं मात्र अंडी पुरी होत आल्यावरच सुरू होतं, म्हणून पिल्लं जवळपास एकदमच बाहेर येतात. मग सुमारे महिनाभर मादी एकटीच बसते. नर मान ताणून पहारा देतो. ती थोडा वेळ चरायला उठते तेव्हा अंड्यांवर पिसं ओढून घेते. एरवी अंगातल्या चरबीवर दिवस काढायचे.

एखाद्या घरट्यात मात्र दहाच्या आसपास अंडी दिसतात. ती सगळी एकीची नसतात. दाटीच्या वसाहतीत शेजारणी आपली अंडी गुपचूप तिथे टाकून जातात. हंसांच्या एकनिष्ठेचे दाखले देणाऱ्यांनी एवढं पाहून ठेवावं.

पाहायचं ते दुर्बिणीतून, लांबून. फोटोसाठी कुणी पुढे सरकलं आणि मादी घाबरून उडाली, तर अंडी झाकायला तिला सवड मिळत नाही. ती गारठतात, किंवा रेव्हन जातीचे थोराड कावळे ती फोडतात.

पिल्लं एक-दोन दिवसांतच आईमागून पाण्यात उतरतात. त्यांना उडता यायला दोनेक महिने लागतात. त्याच सुमारास आईबापांचीही उडण्याची पिसं एकदम झडतात आणि हिमालय ओलांडून आलेला पक्षी काही आठवडे जमिनीवरून उठूच शकत नाही. धोका दिसला की पाणी गाठायचं, एवढाच उपाय उरतो. कोल्ह्यापुरता तो बरा होता. आता छावण्या आणि पर्यटकांच्या उष्ट्यावर पोसलेली मोकाट कुत्री तळ्यांभोवती फिरतात, आणि कुत्र्यांना पोहता येतं.