डिझेलमधले पाणी आणि इंधनाची गाळणी

पिकअप ट्रकच्या इंजिनाजवळ तांब्याएवढा एक डबा बसविलेला असतो. त्याच्या पोटात बारीक घड्या घातलेला कागद असतो, आणि टाकीतून इंजिनाकडे जाणारे सारे डिझेल ह्या कागदातून झिरपत पुढे जाते. मिस्त्री लोक त्यास डिझेल फिल्टर म्हणतात; आपण गाळणी म्हटले तरी चालेल. मात्र गाळणी म्हटल्याबरोबर चहाची गाळणी डोळ्यांसमोर येते आणि कचरा अडविणे एवढेच तिचे काम, असा समज होतो. हा समज अपुरा आहे. डिझेलच्या गाळणीला कचऱ्याइतकेच पाण्याशीही झगडावे लागते, आणि पावसाळ्यात तर पाण्याचेच काम अधिक मोलाचे ठरते.

ह्याचे एक गाजलेले उदाहरण आमच्या मध्य प्रदेशातच घडले. २६ जून २०२५ च्या रात्री मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील गाड्यांनी रतलामजवळ डोसीगाव येथे डिझेल भरले. थोडे अंतर जातात न जातात तोच एकामागून एक अशा एकोणीस गाड्या बंद पडल्या. टाक्या उघडून पाहिल्या, तर डिझेलबरोबर पाणी निघाले! पंपास टाळे ठोकण्यात आले. पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाकीत झिरपले असावे, असे त्या वेळी सांगण्यात आले. ताफ्यासाठी इंदूरहून दुसऱ्या गाड्या मागविता आल्या. पण ज्याच्या घरी एकच गाडी आहे, त्याने कोठून मागवावी? तुलसी नगरात माझ्या शेजारीच असे एक गृहस्थ राहतात. पहाटे करोंदच्या मंडीतून भाजी उचलावयाची आणि दिवस उजाडताना ती दुकानदारांकडे पोहोचवावयाची, हा त्यांचा धंदा. गाडी वाटेत थांबली, तर मेथी आणि कोथिंबीर काही मिस्त्रीची वाट पाहत ताजी राहत नाहीत. त्या दिवसाची कमाई गेलीच. वर पंपाच्या दुरुस्तीचा खर्च आला, तर महिन्याची कमाईही जावयाची.

पाणी एवढ्या लवकर इंजिनापर्यंत कसे पोहोचते, हे समजावयास मोठे शास्त्र लागत नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एक लिटर डिझेलचे सुमारे ८३० ग्रॅम. म्हणून पाणी तळाशी बसते. आणि टाकीतील डिझेल ओढणारी नळीही तळाजवळच असते! वर्गात मी काचेच्या बाटलीत थोडे डिझेल आणि थोडे पाणी घालून ती हलवून दाखवितो. प्रथम सारे गढूळ, दुधाळ दिसते. पाच-दहा मिनिटे बाटली स्थिर ठेवली, की दोन थर स्पष्ट होतात. गाळणीच्या डब्यात हीच क्रिया चालते. कागदावर पाण्याचे सूक्ष्म कण एकत्र येतात, त्यांचे थेंब होतात, आणि ते डब्याच्या बुडाशी साठतात. तेथे एक लहानशी चकती किंवा स्क्रू असतो. तो सैल केला, की साठलेले पाणी बाहेर काढता येते. अलीकडच्या गाड्यांत ठरावीक पातळीपर्यंत पाणी साठले, की चालकापुढे दिवा लागतो. हा दिवा लागलेला दिसूनही ‘मंडीतून परत आल्यावर पाहू’ असे म्हणणारे चालक मला ठाऊक आहेत.

पंपवाल्याने लबाडी केली तरच पाणी येते, असेही नाही. सरकारी मानकानुसार एक किलो डिझेलमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंतच पाणी चालते, म्हणजे चार-पाच थेंब. पण गाडीची टाकी निम्मी रिकामी असली, तर वरच्या पोकळीत हवा शिरते. पावसाळ्यात ती ओली असते, आणि रात्री पत्रा थंड झाला, की त्याच्या आतल्या अंगावर दव धरते. ते थेंब खाली उतरतात. म्हणून पावसाळ्यात गाडी रात्री उभी करण्यापूर्वी टाकी भरून घ्यावी, हा जुन्या चालकांचा रिवाज शहाणपणाचा आहे. पाणी बरेच दिवस साठून राहिले, तर पाणी आणि डिझेल ह्यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांचा काळसर, चिकट गाळ गाळणीत अडकतो.

आता हे पाणी पुढे गेले, तर बिघडते काय? डिझेल हे नुसते इंधन नव्हे. पंपाच्या आतील भागांना वंगणही तेच पुरविते. तेथे पाणी आले, की वंगण तुटते, पोलाद गंजते. नोझलच्या तप्त टोकाशी पाण्याची एकदम वाफ होऊन ते टोक फुटूही शकते. ह्या भागांची घडण किती बारीक, ते पाहा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. पंपातील दट्ट्या आणि त्याचे नळकांडे ह्यांतील फट दोन-तीन मायक्रॉनची. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे बॉशच्या कारखान्याने १९२७ साली असे पंप मोठ्या संख्येने बनवावयास प्रारंभ केला, तेव्हाच डिझेल इंजिन ट्रकात सुखाने बसू शकले. जुन्या पंपांत नोझलपाशी सुमारे २०० बार दाब असे. हल्लीच्या कॉमन रेल पद्धतीत तो १६०० बार किंवा त्याहूनही अधिक असतो. दाब वाढला, तशी गाळणीची जबाबदारीही वाढली.

ती किती किलोमीटरनंतर बदलावयाची, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि तोच आकडा प्रमाण मानावा. चढावर गाडी दम तोडू लागली, किंवा सकाळी सुरू होण्यास वेळ घेऊ लागली, तर त्याआधीही पाहावी. बदलण्याचे काम अवघड नाही. अवघड आहे ती स्वच्छता. इंजिन थंड असावे, जवळ विडी-सिगारेट नसावी. डब्याभोवतीची धूळ आधी पुसून काढावी, आणि तीही धागे न सुटणाऱ्या फडक्याने. खाली परात ठेवून पाणी काढावे, पाण्याच्या दिव्याची तार सोडवावी आणि मग जुना डबा फिरवून उतरवावा. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. जुन्या डब्याचे रबरी कडे कधीकधी वरच चिकटून राहते. त्यावर नवे कडे बसले, तर तेथून डिझेल ठिबकते आणि हवा आत शिरते. नव्या कड्यास डिझेलचे बोट लावावे. कडे टेकेपर्यंत डबा हाताने फिरवावा आणि मग त्यावर छापलेला असेल तेवढाच आणखी आवळावा, बहुधा पाऊण फेरा. जोर दाखविण्याची ही जागा नव्हे.

नवा डबा आधीच कॅनमधल्या डिझेलने भरून बसवावयाचा, अशी जुनी पद्धत आहे. जुन्या गाड्यांना ती चालून जाई. परंतु डब्याच्या मधल्या भोकातून ओतलेले डिझेल गाळले न जाताच पुढे जाते. कॅनमधील एखादा कण सरळ पंपात पोहोचतो. कॉमन रेलच्या गाडीत डबा कोरडाच बसवावा आणि हातपंपाने भरावा, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

डबा बदलताना आत हवा शिरतेच, आणि डिझेल इंजिनास हवेचा बुडबुडा मुळीच सोसत नाही. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. त्यामुळे बुडबुडा अडकला, की पंपाचा सारा जोर त्यालाच दाबण्यात जातो आणि नोझलमधून काहीच उडत नाही. पुण्याजवळ खडकीस १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि तिची इंजिने महाराष्ट्रातील विहिरींवर बसली. ती चालविणाऱ्या शेतकऱ्यांना ही ‘हवा काढणे’ चांगली परिचयाची आहे. पिकअपमध्येही तत्त्व तेच. गाळणीवरचा छोटा स्क्रू सैल करावा, हातपंप दाबत राहावे. आधी फेस येईल, मग बुडबुडे, आणि शेवटी डिझेलची अखंड धार. धार वाहत असतानाच स्क्रू आवळावा. गाडी सुरू करताना चावी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरू नये. मध्ये विसावा द्यावा, नाहीतर बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही थकतात.

जुन्या गाड्यांत मिस्त्री नोझलच्या नळ्याही सैल करून हवा काढीत. कॉमन रेलमध्ये हे कदापि करू नये. १६०० बार दाबाची बारीक धार कातडी भेदून मांसात शिरते. वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत डिझेल पसरते आणि हात गमावण्याची पाळी येऊ शकते. अशी इजा झाली, तर मलम लावीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे आणि डिझेल आत गेले आहे, हे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.

उतरविलेल्या डब्यातील डिझेल गटारात न टाकता पारदर्शक बाटलीत ओतून ठेवावे आणि मिस्त्रीच्या जुन्या तेलाच्या पिंपात देण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहावे. तळाशी चार थेंब पाणी असेल, तर गाळणीने आपले काम केले. बोटभर थर असेल, तर मात्र नवी गाळणीही फार दिवस पुरणार नाही. टाकी उतरवून साफ करावी लागेल. गाळणी थेंब अडविते, घागर अडवीत नाही. रतलामला झाले ते हेच.

आणि पंपावरून निघाल्यावर लगेच गाडीने आचके दिले, तर ती बाजूस घेऊन बंद करावी. पुन्हापुन्हा चावी फिरवू नये. प्रत्येक फिरविण्यासरशी पाणी आणखी पुढे ओढले जाते. पावती जपून ठेवावी, गाळणीच्या बुडचे डिझेल बाटलीत घ्यावे आणि पंपावर परत जाऊन घनता मोजून दाखविण्यास सांगावे. ग्राहकास तो अधिकार आहे, आणि मोजण्याचे साधन पंपावर असावेच लागते.