ब्रिगेडियर निवृत्त कधी झाले?

ब्रिगेडियर लेथब्रिज-स्ट्युअर्ट १९७६ साली निवृत्त झाले. १९८०च्या सुमारास मात्र ते नोकरीतच होते. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत या दोन्ही गोष्टी पडद्यावर येऊन गेल्या आहेत. १९६३च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या या मालिकेचे चाहते युनिटच्या सनावळीवरून अजून भांडतात. युनिट म्हणजे परग्रहावरच्या संकटांशी लढणारी, संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालची फौज. ब्रिगेडियर तिच्या ब्रिटिश शाखेचे प्रमुख.

मालिकेचा नायक डॉक्टर हाच काळातून हिंडणारा, मग तारखांचं एवढं काय घेऊन बसायचं, असं कुणी म्हणेल. पण युनिटच्या बहुतेक कथा आल्या त्या १९७०पासूनच्या काही वर्षांत, आणि तेव्हा जॉन पर्टवीने साकारलेला डॉक्टर शिक्षा म्हणून पृथ्वीवरच अडकवलेला होता. कालप्रवास जवळजवळ बंद, आणि सनांचा घोळ तिथलाच!

सुरुवातीचा हिशेब तसा नीट होता. हिमालयातल्या यतींची पहिली कथा घडते १९३५मध्ये. १९६८च्या ‘द वेब ऑफ फिअर’मध्ये हेच यती लंडनच्या भुयारी रेल्वेत शिरतात, तेव्हा पहिल्या कथेतलेच, आता म्हातारे झालेले प्रोफेसर ट्रॅव्हर्स हिमालयातल्या त्या घटनेला चाळीसहून अधिक वर्षं झाल्याचं सांगतात. साल आलं १९७५च्या पुढेमागे. लेथब्रिज-स्ट्युअर्ट इथे पहिल्यांदा भेटतात, कर्नल म्हणून. त्याच वर्षीच्या ‘द इन्व्हेजन’मध्ये ते ब्रिगेडियर झालेले आहेत आणि यती प्रकरणाला चार वर्षं उलटली आहेत, म्हणजे १९७९. पुढे १९७५च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये पत्रकार सेरा जेन स्मिथ आपण १९८०मधून आल्याचं स्वच्छ सांगते. मधल्या हंगामांच्या कथा एवढ्या अवधीत कोंबताना दाटी होते खरी, पण सगळा रोख एकाच दिशेचा आहे: नजीकचा भविष्यकाळ. तिथे ब्रिटन मंगळावर माणसं पाठवतं, बीबीसीची तिसरी वाहिनी चालते. १९७५च्याच ‘टेरर ऑफ द झायगॉन्स’मध्ये ब्रिगेडियर फोनवर पंतप्रधानांना ‘मॅडम’ म्हणतात. थॅचरबाई त्या खुर्चीवर बसल्या १९७९ साली. कपडे आणि मोटारी मात्र थेट चित्रीकरणाच्या वर्षातल्या. भविष्यातल्या मोटारी बनवायला पैसे कुठून आणणार?

मग आली १९८३ची ‘मॉड्रिन अनडेड’. या कथेत १९६३च्या पहिल्या भागातले शिक्षक इयान चेस्टरटन परतायचे होते. ते काम करणारे विल्यम रसेल मिळू शकले नाहीत आणि अखेर मास्तरकी ब्रिगेडियरांच्या गळ्यात पडली. मुलांच्या शाळेत गणित शिकवणारे, १९७६मध्येच निवृत्त झालेले ब्रिगेडियर आपल्याला १९७७ आणि १९८३ अशा दोन काळांत दिसतात. १९७७ हे राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचं वर्ष, त्यामुळे सन मागेपुढे सरकवायलाही वाव नाही. त्या जागी इयान असते तर १९७७ कुणालाही खटकलं नसतं.

बीबीसीने जुन्या टेप पुसून टाकल्या होत्या, ही सबब इथे पुढे केली जाते. ‘द वेब ऑफ फिअर’पुरती ती खरी आहे. सहांपैकी पहिलाच भाग तेव्हा हाती होता. आणखी चार नायजेरियातल्या जोस शहरात सापडल्याचं २०१३मध्ये जाहीर झालं. पण ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ शाबूत होती. ती पाहिली असती तरी पुरे होतं.

नंतरच्या लेखकांनी दुरुस्तीच्या फंदात न पडता थट्टेचा मार्ग धरला. २००८मध्ये खुद्द डॉक्टरलाच आठवेना, आपण युनिटमध्ये होतो ते सत्तरच्या दशकात की ऐंशीच्या. २०१३च्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’मध्ये ब्रिगेडियरांची मुलगी केट एक जुनी फाइल मागवताना दोन्ही दशकं सांगून मोकळी होते, कोणतं खरं, ते म्हणे तारखा धरण्याच्या पद्धतीवर अवलंबून.

थट्टा फर्मास आहे, पण ती निवाडा नव्हे. एका पारड्यात अनेक कथांमधला सुसंगत पुरावा, दुसऱ्यात मुख्यतः ऐन वेळी पात्र बदललेली एकच कथा. माझ्या मते १९८०च खरं, आणि ब्रिगेडियरांची १९७६ची निवृत्ती रद्द समजावी.