नसांच्या गोळ्या आणि श्रीखंडाचा डबा

साताऱ्याच्या मावशीकडे गोळ्यांसाठी श्रीखंडाचा रिकामा डबा आहे. बारा वर्षांचा मधुमेह, तळपायांची आग, रात्री मुंग्या. अलीकडे तर पायातली चप्पल निसटली तरी तिला पत्ता लागत नाही. दिवाळीत गेलो तेव्हा तो डबा चटईवर उपडा केला. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या बाजूला काढल्या तरी चार स्ट्रिप उरल्या. एक मधुमेहाच्या डॉक्टरांची, एक हाडांच्या डॉक्टरांची, एक केमिस्टनं ‘नसांना चांगली’ म्हणून दिलेली आणि चौथी जावयानं दुबईहून आणलेली. नावं चार तऱ्हेची. मागच्या बारीक अक्षरांत मात्र चारही ठिकाणी एक शब्द होता : पायरिडॉक्सिन, म्हणजेच जीवनसत्त्व बी-६.

बी-६ : नसांचं औषध आणि नसांचं दुखणं

बी गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. बी-६च्या बाबतीत त्या भरवशावर राहू नये. १९८३ साली हर्बर्ट शॉमबर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सात रुग्णांची हकिगत मांडली. ही माणसं महिनोन्‌महिने रोज २ ते ६ ग्रॅम बी-६ घेत होती. त्यांचे हातपाय बधिर झाले, चाल अडखळू लागली. गोळ्या बंद केल्यावर प्रकृती सुधारली.

ग्रॅममध्ये कोण घेतो, असं कुणी म्हणेल. पण पुढे बरेच कमी डोस दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्येही त्रास दिसला. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण दीड-दोन मिलिग्रॅम. अमेरिकेनं वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम ठेवली आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३मध्ये ती १२वर आणली. तज्ज्ञांचंच एकमत नाही, तेव्हा ज्याच्या नसा आधीच दुखावल्या आहेत त्यानं धाकटा आकडा धरावा, हे माझं मत. डॉक्टरांनी कारण सांगून जास्त दिलं असेल तर गोष्ट वेगळी. क्षयाच्या रुग्णाला आयसोनियाझिडबरोबर बी-६ देतात ते नसा वाचवण्यासाठीच; ते आपल्या मनानं मुळीच थांबवू नये.

मावशीच्या स्ट्रिपवरचे आकडे मी वहीच्या कागदावर मांडले : ३, ३, १० आणि दुबईची एकटी १००. बेरीज ११६. दुबईची वगळली तरी १६ उरतात.

यातली गोम अशी, की बी-६ जास्त झाल्याची लक्षणं हुबेहूब मधुमेहातल्या न्यूरोपथीसारखीच, म्हणजे नसांच्या बिघाडासारखीच असतात. मुंग्या वाढल्या की माणूस आणखी एक ‘नसांची गोळी’ सुरू करतो.

बी-१२ : आधी रक्त, मग सुई

इथे भीती उलट बाजूची आहे. बी-१२ जास्त होऊन नसा बिघडत नाहीत, कमी पडलं तर बिघडतात. आणि उशीर झाला तर झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर आतड्यातून बी-१२चं शोषण कमी होतं. पॅन्टोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानंही तेच होऊ शकतं. शाकाहारी घरात मुळात ते येतंच दूध-दह्यातून. त्यामुळे मधुमेह, पित्ताच्या गोळ्या आणि शाकाहार असं तिन्ही एका माणसात जमलं, की पायांच्या मुंग्या ‘साखरेमुळेच’ असं गृहीत धरू नये. ब्रिटनच्या औषध नियामकानं २०२२मध्ये डॉक्टरांना हेच बजावलं : मेटफॉर्मिनवरच्या रुग्णात लक्षणं दिसली तर बी-१२ तपासा.

तपासणी इंजेक्शनच्या आधी करा. सुई घेतल्यावर रक्तातला आकडा चढतो आणि मग मूळची कमतरता किती होती ते कळत नाही. साधारणपणे २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३००च्या दरम्यान असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासून खात्री करता येते. नुसतं फोलिक ॲसिड घेत राहण्यातही धोका आहे. त्यानं रक्त सुधारतं, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट छान येतो आणि आत नसांची झीज चालूच राहते. स्पिरुलिनावर विसंबू नका. त्यातलं ‘बी-१२’ बहुतांशी माणसाच्या उपयोगाचं नसतं.

स्ट्रिपची मागची बाजू

चष्मा लावा आणि मागची बाजू वाचा. पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड आणि पायरिडॉक्सल फॉस्फेट ही दोन्ही बी-६चीच रूपं, दोन्ही बेरजेत धरायची. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, तिथे गल्लत नको. मिथाइलकोबालामिनच्या, म्हणजे बी-१२च्याच एका रूपाच्या, जोडीला प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन दिसलं, तर ती नुसती व्हिटॅमिनची गोळी नव्हे. त्यानं गुंगी येते, तोल जातो आणि ती एकदम बंद करायची नसते. शेजारणीच्या सांगण्यावरून तर सुरूही करायची नसते!

डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असेल, तर कायद्याच्या दृष्टीनं ते अन्न आहे, औषध नाही. पुढे मोठ्या अक्षरांत ‘नर्व्ह केअर’ लिहिलं असलं तरी.

बाकीची मंडळी

अल्फा लिपोइक ॲसिडनं काहींना आराम पडतो, पण साखर खाली येऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. केसांसाठी घेतलेल्या जादा बायोटिननं थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचे निकाल चुकू शकतात. कोविडच्या काळात घराघरात आलेलं ५० मिलिग्रॅमचं झिंक अजून कुणी रोज घेत असेल, तर थांबवण्याबद्दल विचारा : जादा झिंकमुळे शरीरातलं तांबं घटतं आणि तांब्याच्या कमतरतेनंही नसा बिघडतात. डी-३ची ६०,००० युनिटची गोळी सहसा आठवड्यातून एकदा असते, ती रोज घेतल्याचे घोटाळे होतात. केमोथेरपी चालू असेल तर कुठलंही सप्लिमेंट कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ॲसिटिल-एल-कार्निटिन नसा वाचवील म्हणून टॅक्सेन गटातली केमोची औषधं घेणाऱ्या स्त्रियांना देऊन पाहिलं, तर न्यूरोपथी उलट वाढली.

मावशीच्या चारपैकी एकच स्ट्रिप डॉक्टरांनी राहू दिली आणि बी-१२ची तपासणी लिहून दिली. तुम्हीही पुढच्या खेपेला जाताना आठवून यादी करत बसू नका. डबाच पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर उपडा करा.