कंगवा, भरती आणि वाळूतले काळे कण

श्रावणातली दुपार. बाहेर पावसाची झड, वर्गात ओल्या छत्र्यांचा वास. गुरुजींनी प्लास्टिकचा कंगवा डोक्यावरून खसाखसा फिरवला आणि टेबलावरच्या कागदाच्या कपट्यांजवळ नेला. कपटे ढिम्म. पुन्हा घासला, पुन्हा तेच. "पुस्तकात दिलंय तसं होतं, लिहून घ्या," गुरुजी म्हणाले आणि आम्ही लिहून घेतलं. ही गोष्ट 1980 च्या दशकातली, मालवण तालुक्यातल्या एका शाळेतली.

दोष ऋतूचा होता. दमट हवेत कंगव्यावर आणि केसांवर ओलाव्याचा पातळ थर बसतो. घासून साठलेला विद्युतप्रभार त्या थरावरून निघून जातो, कपटे उचलण्याइतका उरतच नाही. तोच कंगवा मी पुढे एकदा जानेवारीच्या सकाळी घासला. घाटाकडून कोरडा मतलई वारा सुटला होता. कपटे टणकन उडून कंगव्याला चिकटले. एवढी मोठी पृथ्वी त्या कपट्याला खाली ओढत होती आणि दीड रुपयाचा कंगवा तिच्यावर मात करत होता. विद्युतबल गुरुत्वबलापेक्षा किती बलवान असतं, हे मला त्या सकाळी कळलं.

गुरुत्वाकर्षण मात्र आमच्या घरात शाळेच्या आधीच आलेलं होतं. रापण ओढायला जायचं तर भरतीची वेळ माहीत हवी आणि आजोबांना त्यासाठी घड्याळापेक्षा पंचांग जवळचं. "आज चवथ, म्हणजे तिनाक भरती," असं ते सांगत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशेब सगळ्या कोकणाचा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईपेक्षा आमच्याकडे पाणी थोडं आधी चढतं, तेवढं ते मनातल्या मनात वजा करत. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरती त्याच्यामागून सरकते. पाऊण तासाचा हिशेब त्यातूनच आला आहे. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात ओढतात तेव्हा भांग. सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पटींहून जास्त, तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. कारण भरती ठरते ती पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरच्या ओढीतल्या फरकावर. दूरच्या सूर्यासाठी हा फरक फार थोडा पडतो. हे न्यूटनने 1687 मध्ये मांडलं. आजोबांना न्यूटन ठाऊक नव्हता, पण त्यांची वेळ क्वचितच चुकली.

चुंबक आम्हाला मोडक्या रेडिओच्या स्पीकरमध्ये सापडला. तो गोल चुंबक सुतळीला बांधून सुक्या वाळूतून ओढत न्यायचा. दहा पावलांत त्यावर काळ्या कणांची मिशी उभी राहायची. त्याला आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळायला विसरलं, की ते कण नखाने खरवडत बसावं लागे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातली लोहयुक्त खनिजं नद्या समुद्राकडे आणतात, लाटा वाळू चाळतात आणि जड काळे कण पट्ट्यांनी मागे राहतात. पुस्तकात चुंबकीय क्षेत्र पाहायला 'लोहकीस घ्या' असं लिहिलेलं. शाळेत लोहकीस नव्हता, पण शाळेसमोरच्या किनाऱ्यावर त्याचं काम करणारे कण वाटेल तेवढे होते. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, तिची चुटपुट मला जास्त आहे. बाळशास्त्री जांभेकर आपल्याच जिल्ह्यातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' काढणारे पहिले मराठी पत्रकार म्हणून त्यांचं नाव आम्ही पाठ केलं. ते एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि विज्ञान शिकवत आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचं काम काही काळ त्यांनी पाहिलं, हे मला पस्तिशीनंतर कळलं. ही वेधशाळा 1826 ची. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी तिथे 1841 मध्ये सुरू झाली. बाळशास्त्री 1846 मध्ये गेले.

त्या वेधशाळेची पुढची हकिकत मला एखाद्या कादंबरीइतकी आवडते. सप्टेंबर 1859 च्या आरंभी सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने जगभरच्या तारयंत्रांची दैना केली. कुलाब्याच्या नोंदीत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने खाली आलेला दिसतो. अभ्यासक आजही ती नोंद काढून पाहतात. मग मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आठवीच्या पुस्तकातलं हे वाक्य कुलाब्याच्या नाजूक सुयांच्या मुळावर आलं. संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली. पोरबंदरचा दगड, तांबं, पितळ अशा चुंबकाला दाद न देणाऱ्या सामानातून तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि 1904 मध्ये काम सुरू झालं. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी करून नोंदींचा सांधा जुळवला गेला. 1907 मध्ये विजेची ट्राम धावली, तोवर अलिबाग सज्ज होतं. मूस यांनी 1846 ते 1905 च्या नोंदी 1910 मध्ये दोन खंडांत छापल्या. आज अलिबागचं काम भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते.

आता बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात चुंबकीय, स्थितिक विद्युत आणि गुरुत्वीय बल शेजारी शेजारी आहेत आणि मांडणी आमच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगली आहे. होड्यांवर होकायंत्राच्या जोडीला जीपीएस आलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर विजेचा इशारा देतं. तरी माझ्या नात्यातल्या सातवीतल्या मुलीला विचारलं, तर कंगव्याचा प्रयोग वर्गात जुलैतच झाला आणि फसला.

जिल्ह्यातल्या विज्ञानशिक्षकांना म्हणून एक विनंती. दर 6 जानेवारीला पोंभुर्ल्याच्या या सुपुत्राची आठवण होते आणि त्या दिवसांत सकाळची हवा कोरडी असते. स्थितिक विद्युतचा पाठ पावसात वाचून घ्या, पण प्रयोग त्या आठवड्यात करा. मुलांना किनाऱ्यावर न्या, एक जुना स्पीकर सोबत ठेवा आणि निघण्यापूर्वी तिथीची पाऊणपट मुलांनाच करू द्या.